कोनाड्यातला रेडिओ

तो कोनाडा मीच खोदला होता, हे आधी सांगायला हवं. घरात कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं.

दुष्काळाच्या वर्षातली ती दिवाळी. नगरला कॉलेजात मी सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो आणि सुट्टीला गावी आलो होतो. आमचं गाव शेवगावच्या पलीकडे, बसने तासाभरावर. त्या वर्षी पाऊस जवळजवळ झालाच नव्हता. विहिरींना पाणी नव्हतं, पण मोटारींसाठी दोन वर्षांपूर्वी आलेली वीज मात्र तारांत होती. त्या विजेवर आमच्या घरात दोन वस्तू चालायच्या. एक दिवा आणि एक रेडिओ.

रेडिओ फौजेतल्या मामाचा. त्याची लांब कुठेतरी बदली झाली तेव्हा तो आईपाशी ठेवून गेला होता. जुना, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला, लाकडी पेटीचा. बटण फिरवलं की आधी पुढचा हिरवा डोळा, म्हणजे काचेमागचा बारीक दिवा, हळूहळू उजळायचा आणि मग आवाज यायचा. थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्काने, लग्नाआधीच्या उन्हाळ्यात सुईने विणून त्याला झाकण केलं होतं. पांढरा दोरा, पुढच्या बाजूला समोरासमोर दोन पोपट. धूळ जाऊ नये म्हणून आईने त्याला आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं होतं.

हा रेडिओ दाराशेजारच्या फळीवर असायचा. त्या वर्षी शेतं उघडी पडली होती, वारा सुटला की घरात मातीच माती. मला वाटलं, रेडिओला नीट जागा करावी. मधल्या भिंतीत एक लहान कोनाडा होता. मी पट्टीने रेडिओ मोजला, पहार आणि छिन्नी घेऊन दोन दिवस भिंत खोदली, आतून पांढऱ्या मातीने लिंपून घेतलं, वायरीसाठी कोपऱ्यात भोक पाडलं. रेडिओ झाकणासकट आत सरकवला तेव्हा कडेला बोट जाईल एवढीही फट राहिली नाही. इतकं माप बरोबर आलं होतं.

शेजारपाजारचे बघून गेले. दादा, म्हणजे आमचे वडील, प्रत्येकाला सांगत होते, "पोरगं सायन्सला हाय. मोजून केलंय समदं."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. आक्काची शाळा तर तिसरीतच सुटली, कारण मी लहान होतो आणि आई-दादा रानात गेल्यावर मला सांभाळायला कोणी नव्हतं. हे मला कधी कोणी बोलून दाखवलं नाही. मला ते ठाऊक होतं एवढंच.

दिवाळीनंतर मी नगरला परतलो. पौषात दादांचं पत्र आलं. आमच्या गल्लीत समोरच राहणाऱ्या शाळामास्तरांकडून ते लिहवून घेत. खाली एक ओळ होती, 'रेडिओ मधेच गप्प होतो. तू आल्यावर बघ.'

त्यानंतर फाल्गुनात दुसरं पत्र आलं आणि त्यात मोठीच बातमी होती. आक्काचं सासर पाथर्डीकडच्या कोरड्या भागात. तिथे पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं आणि आक्का त्यावर खडी फोडायला जात होती. एक दिवस रेडिओची माणसं जीप घेऊन तिथे आली. काम करताना बायका ओव्या म्हणतात, त्या त्यांना टेपवर भरून घ्यायच्या होत्या. मुकादमाने सहा बायका निवडल्या. त्यात आक्का होती. काही दिवसांनी कामावर कार्ड आलं की अमुक तारखेला संध्याकाळी सातला ते गाणं लागेल. त्या सहाजणींत कोणाच्याच घरी रेडिओ नव्हता. आक्काच्या माहेरी होता. म्हणून पाचजणींनी मिळून तिच्या सासूला गळ घातली, "हिला धाडा. ही ऐकून यील आन् आमाला सांगंल कसं वाजलं ते." सासूने चार दिवसांची मोकळीक दिली.

मीही प्रॅक्टिकल चुकवून गावी आलो. रेडिओ दुरुस्त करायचा होता.

आक्का दारातच भेटली. खूप वाळली होती. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. मला बघून हसली. "आला का रं इंजनेर? त्यो बघ तुजा रेडू. तीन दिस हायेत तुला."

पहिल्या संध्याकाळी मी नुसतं निरीक्षण केलं. तसंच करायला आम्हाला शिकवलं होतं. वही घेतली, रकाने आखले, रेडिओ लावून समोर बसलो. साधारण पाऊण तास तो उत्तम चालला. मग आवाज बारीक होत गेला, थोडी खरखर झाली आणि तो गप्प झाला. हिरवा डोळा मात्र तसाच जळत होता. दादांनी उठून वरून एक थापड मारली. काही नाही. बंद करून चालू केला, काही नाही. अर्ध्या तासाने पुन्हा लावला तर दहा मिनिटं चालून परत गप्प. मी वहीत सगळं वेळेसह लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ बाहेर काढला. झाकण काढून ठेवलं, ओसरीतल्या बाजेवर गोधडी टाकून त्यावर रेडिओ ठेवला आणि मागचं पुठ्ठ्याचं झाकणही खोललं. प्लगचे पाय पॉलिश कागदाने घासले, वायरीचं एक टोक नव्याने बसवलं. लावला. तास झाला, दोन तास झाले, रेडिओ अखंड चालू. आई म्हणाली, "झालं बाई एकदाचं." मी वहीत लिहिलं, 'दोष प्लगमध्ये होता.' रेडिओ पुसला, झाकण चढवलं, कोनाड्यात सरकवला. संध्याकाळी लावला, तो पाऊण तासाने गप्प.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बाजेवर. एरियलची तार तपासली. व्हॉल्व्ह एकेक करून काढले, पाय पुसले, परत बसवले. पुन्हा दोन तास अखंड चालला. मी लिहिलं, 'व्हॉल्व्ह सैल होता.' पण या वेळी खात्री वाटेना. दुपारच्या बसने रेडिओ गोधडीत गुंडाळून शेवगावला नेला. झाकण घरीच ठेवलं होतं. बाजारात एक रेडिओ दुरुस्तीवाला होता. त्याने टेबलावर रेडिओ उघडून लावला, स्वतःचं दुसरं काम करत बसला, आणि तासाभराने म्हणाला, "काय झालंय ह्याला?"

"मधेच बंद पडतो."

"कधी?"

"घरी."

तो हसायला लागला. "अहो, पेशंट दवाखान्यात आला की ताप उतरतोच. न्या घरी. काही झालेलं नाही."

मलाही ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. परत आलो, झाकण चढवलं, रेडिओ कोनाड्यात ठेवला आणि त्या संध्याकाळी थोडा वेळच लावला. वीस मिनिटांत बातम्या संपल्या, मी बंद केला. बंद पडला नाही, हे मात्र लिहून ठेवलं.

त्याच वेळी आक्का भाकरी थापायला उठली होती. जाता जाता तिने झाकणावरून हात फिरवला, पोपटाचा एक सुटलेला दोरा आत खोचायला. हात तसाच ठेवून ती थांबली.

"आरं, ह्याचं आंग लई तापलंय की."

"व्हॉल्व्ह असतात त्यात. तापणारच."

"तसं न्हाई. तापल्याल्या लेकराला कुंची घालून कुनी कोंडून ठेवतं का? ह्याला बाहीर घे रं, फळीवर. वारं लागू दे जरा."

मी हसलो. हसलो हे मला आठवतं. आणि म्हणालो, "आक्का, रेडिओला काय जीव आहे का, गुदमरायला? तुला त्यातलं काय कळतंय?"

घरात आम्ही सगळे 'हाय' म्हणायचो. मीही म्हणायचो. पण त्या वाक्यात मी 'आहे' म्हणालो. शहाण्यासारखं.

आक्काने हात काढून घेतला. "न्हाई बाबा, मला काय कळतंय," असं म्हणून ती चुलीकडे गेली. रागावली नव्हती. खरंच तसं वाटून म्हणाली असावी, आणि मला आज तेच जास्त लागतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई आल्या, समोरच्या मास्तरांच्या पत्नी. त्यांच्याकडे सेलवर चालणारा लहान ट्रान्झिस्टर होता. आक्काला म्हणाल्या, "तुमचा रेडिओ रुसतो असं ऐकलं. संध्याकाळी आमच्याकडे ये ना ऐकायला. आईंनाही घेऊन ये."

आक्काचा चेहरा उजळला. ती 'येते' म्हणणारच होती. तेवढ्यात मी म्हणालो, "नाही, नाही, रेडिओ आता नीट आहे. शेवगावला दाखवून आणलाय."

दादाही म्हणाले, "घरात रेडू आसताना लोकाच्या दारात कशाला? पोरानं चार दिस खपून नीट केलाय त्यो."

आक्काने माझ्याकडे पाहिलं. "नक्की वाजंल ना रं? मला त्या पाचजणींना सांगायचंय."

"नक्की," मी म्हणालो.

संध्याकाळी आईने झाकण धुऊन, वाळवून चढवलं. कोनाड्याला हळदीकुंकवाची बोटं लावली. शेजारच्या चार-पाच बायका येऊन बसल्या. आक्काने जपून ठेवलेलं लुगडं नेसलं होतं, जसं काही रेडिओतून तिला कोणी बघणार होतं. ऐनवेळी खरखर नको, स्टेशन नीट लागलेलं असावं, म्हणून मी रेडिओ सव्वासहालाच लावून ठेवला.

आज मी हे लिहितो तेव्हा त्या सव्वासहापाशी येऊन थांबतो. पावणेसातला लावला असता तरी चाललं असतं.

सात वाजले. निवेदिका म्हणाली की आता दुष्काळी कामावरच्या भगिनींच्या ओव्या ऐका. बायकांत कुजबुज झाली, आईने सगळ्यांना गप्प केलं. आधी नुसता खडी फोडण्याचा आवाज आला. खट, खट, खट. आक्का एकदम म्हणाली, "ही आमचीच खडी बरं का!" सगळ्या हसल्या. मग पहिल्या बाईचा आवाज उठला, उंच आणि थोडा किनरा. आक्का पुढे सरकून बोटं मोजत होती. "ही आमच्या मुकादमाची भावजय. हिच्यामागं म्हातारी. मंग मी."

पहिलीची ओवी संपली. दुसरीची सुरू झाली, आणि आवाज बारीक व्हायला लागला.

मी उठलो. बटण फिरवलं. खरखर झाली आणि सगळं शांत. हिरवा डोळा जळत होता.

मी बंद करून चालू केला. दादांनी थापड मारली. मी कोनाड्यातून रेडिओ ओढायला गेलो, पण तो इतका घट्ट बसलेला की झाकण मागे अडकलं. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "आगं, मास्तरीणबाईकडं जा की पळत! गल्ली वलांडली की घर."

आक्का उठली. दारापर्यंत गेलीसुद्धा. फक्त चप्पल घालायची बाकी होती.

आणि मी म्हणालो, "थांब आक्का. एक मिनिट. आत्ता लागेल. आत्ता."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग परत येऊन आपल्या जागेवर बसली, पदर सारखा केला आणि वाट बघू लागली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला म्हणू, की चारचौघींत भावाला खोटं पाडायचं नाही म्हणून बसली म्हणू, मला अजून ठरवता येत नाही.

मी रेडिओ कसाबसा ओढून काढला, पोपटांचं झाकण बाजूला टाकलं, मागचा पुठ्ठा उचकटून आत हात घातला आणि बोट भाजलं. तरी वायरी हलवत राहिलो. ते एक मिनिट दहा मिनिटांचं झालं.

मग गल्लीतून मास्तरीणबाई आल्या. भरभर चालत, तोंडभर हसत. "काय गं, काय सुंदर म्हटलंस! तिसरा आवाज तुझाच ना? मी ह्यांना म्हटलं, हाच तो."

माझ्या हातात उघडा रेडिओ होता. मास्तरीणबाईंनी तो पाहिला की नाही कोण जाणे.

आक्का म्हणाली, "व्हय बाई, माजाच. ऐकला की. समद्यांनी ऐकला."

शेजारच्या बायकांनीही माना हलवल्या. एकेक करून उठून गेल्या.

मी रेडिओ ओसरीतल्या बाजेवर ठेवला, सवयीने वायर लावली आणि पायरीवर जाऊन बसलो. बटण बंद करायचंही सुचलं नाही. वीसेक मिनिटं झाली असतील. मागून आपोआप आवाज आला, आधी बारीक, मग स्वच्छ. धान्याचे बाजारभाव चालू होते. मी वळून पाहिलं. आक्का बाजेपाशी उभी होती. तिचा चिंध्या बांधलेला तळवा रेडिओच्या उघड्या पेटीवर होता.

"आता गार झालाय," ती म्हणाली.

एवढंच. 'मी सांगितलं हुतं' असं ती म्हणाली नाही. तिने बाजूला पडलेलं पोपटांचं झाकण उचललं, चार घड्या घातल्या आणि आईच्या ट्रंकेत ठेवून दिलं.

मी वही उघडली. लावल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, काय तपासलं, काय बदललं, सगळे रकाने भरलेले होते. रेडिओ कुठे ठेवला होता, याचा रकाना नव्हता. झाकण होतं की नव्हतं, याचा नव्हता. जेव्हा जेव्हा तपासलं तेव्हा तेव्हा मी त्याला मोकळ्या हवेत काढलं होतं, आणि दुरुस्त झाला म्हणून पुन्हा त्याच भोकात कोंबलं होतं. दोष मी दिवाळीत स्वतःच्या हाताने, पट्टीने मोजून, भिंतीत खोदून ठेवला होता. रेडिओ परत फळीवर गेला, तो आजपर्यंत एकदाही बंद पडलेला नाही.

सकाळच्या गाडीने आक्का गेली. त्याच दुपारी मी गाव सोडलं.

नगरला आल्यावर रेडिओकेंद्राला पत्र लिहिलं, तीनदा खर्डा करून. ती गाणी पुन्हा लावता येतील का, असं विचारलं. 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत' असं छापील कार्ड आलं. त्यांचं तरी काय चुकलं! रोज कितीतरी पत्रं येत असतील.

पुढे वैशाखात, वार्षिक परीक्षा संपल्यावर, मी आक्काच्या सासरी गेलो. काम अजून चालू होतं. ती घरी नव्हती म्हणून तलावावरच गेलो. दुपारची सुट्टी झाली होती, बायका खडीच्या ढिगाआड सावलीला बसून कामावर मिळणारी सुकडी खात होत्या. मी तिला सांगायला गेलो होतो. वाक्यही ठरवलं होतं, 'आक्का, तुझं बरोबर होतं आणि मी तुला हसलो.'

मला बघून एक किनऱ्या आवाजाची बाई म्हणाली, "ह्योच का गं तुजा भाऊ? ज्याच्या रेडूवर आमी वाजलो?"

"ह्योच," आक्का म्हणाली.

"लई झ्याक वाजलं म्हनं! माजा आवाज म्हनं लांबून देवळात कुनी म्हनतंय तसा आला. आन् म्हातारीचा म्हनं तरण्या पोरीवानी!"

म्हातारी बोळकं दाखवत हसली. "आगं, त्या यंत्रात वय दिसत न्हाई!"

प्रत्येकीला तिने वेगळं काहीतरी सांगितलं होतं. प्रत्येकीचं तिला ते पाठ होतं. मी आक्काकडे पाहिलं. ती बोटाने सुकडी मळत होती, मान खाली.

"आन् हिची ववी तर तुमच्यावरच हुती," ती बाई मला म्हणाली. "ऐकलीच आसंल की तुमी."

मी काही बोलायच्या आत तिने ती म्हणूनच दाखवली, दगडावर दगड वाजवत,

"खडीच्या ढिगावरी, ऊन तापतं दुपारी,
बंधव माझा नगरात, पुस्तकाचा येपारी."

"आली हुती ना नीट?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आक्कानेही मान वर केली.

"व्हय," मी म्हणालो. "लई चांगली आली हुती."

सुट्टी संपली, मुकादमाने शिट्टी मारली. आक्का मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. फाट्यावर झाड नव्हतं, आम्ही उन्हातच उभे राहिलो. मी म्हणालो, "आक्का, त्या दिवशी रेडिओला हात लावून तू म्हणाली होतीस ना, की…"

"आईचं गुडघं कसं हायेत आता?" तिने विचारलं.

मी सांगितलं. मग पुन्हा सुरुवात केली. "ते झाकण, आक्का…"

"यष्टी आली बघ," ती म्हणाली आणि हात वर करून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, गाडी माझ्यासाठी थांबावी म्हणून.